रिता पाळणा आणि सुइणीचा धर्म

जन्म आणि मृत्यु हे जेथें एकाच घटकेस येतात, तेथें सुइणीचें वा डॉक्टरचें कर्तव्य संपतें, कीं त्याच्या अवघड भागास तेथूनच आरंभ होतो? हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाहि आहे. गर्भाचे २८ आठवडे भरल्यानंतर मृतावस्थेंत जन्मलेल्या बालकांची जगांतील संख्या २०२३ सालीं सुमारें १९ लक्ष होती. त्यापूर्वीच गळून गेलेले गर्भ यांत धरलेले नाहींत.

आपल्याकडील जुनी रीत अशी, कीं तें बालक आईच्या दृष्टीस पडूं द्यावयाचें नाहीं, मुकाट्यानें नेऊन पुरावयाचें, आणि 'वय लहान आहे, पुन्हां कूस उजवेल' असें म्हणून विषय मिटवावयाचा. या रीतीच्या मुळाशीं निर्दयपणा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्या काळीं घरोघर पाळणे रिते होत, त्या काळीं दुःख गिळून कामास लागणें हाच जगण्याचा उपाय होता. परंतु हेतु शुद्ध असला म्हणजे उपाय योग्य ठरतोच असें नाहीं. पुढें होणारें मूल हें दुसरें मूल असतें. गेलेल्याची ती भरपाई नव्हे. आनंदीबाई जोशी यांचा मुलगा त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षीं, अवघ्या दहा दिवसांचा होऊन गेला. त्या दुःखानेंच त्यांस वैद्यकाकडे वळविलें, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियास पदवी घेतांना त्यांनीं प्रबंधास विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. विस्मृति हेंच औषध म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

मग सुइणीनें करावें तरी काय? प्रथम, सत्य सांगावें. बालक गेल्याचें देहास कळत नाहीं. दिवस बरेच भरले असल्यास दोनतीन दिवसांत दूध येतेंच. हें आधीं ठाऊक नसलेल्या मातेवर त्या क्षणीं दुसरा आघात होतो. तसेंच, आपल्याच हातून कांहीं चुकलें, ही शंका तिला पोखरीत असते. पहिल्या तीन महिन्यांतील गर्भपातांपैकीं सुमारें निम्म्यांचें कारण गर्भाच्या गुणसूत्रांतील दोष असतो. जिना चढल्यानें किंवा ग्रहणांत भाजी चिरल्यानें गर्भ जात नाहीं. हें तिला, आणि विशेषतः तिच्या सासरच्या मंडळींस, स्पष्ट शब्दांत सांगणें हा उपचाराचाच भाग होय.

दुसरें, निवड तिची असावी. बालकास पाहावें, कुशींत घ्यावें, कीं नको, हें तिला विचारावें. तें कसें दिसेल हें आधीं सांगावें. बळेंच दाखविणें हाहि लपविण्याइतकाच जुलूम आहे. इतर बाळंतिणींच्या खाटांपासून तिची खाट दूर असावी, हें तर सांगावयासहि नको.

१९६९ च्या जन्ममृत्यु-नोंदणीच्या कायद्यानें मृतजन्माचीहि नोंद आवश्यक ठरविली. जें सरकारदफ्तरांत लिहिलें जातें, तें घरांत उच्चारूंहि नये, हें विपरीत नव्हे काय? त्या बालकास पाहणारीं माणसें फार थोडीं, आणि सुईण त्यांतील एक. 'बाई, तुमचें बाळ मी पाहिलें आहे,' एवढें वाक्य तिच्याखेरीज फारसें कोणी बोलूं शकत नाहीं. दुःख हलकें करण्याचें सामर्थ्य त्यांत नसेल. तें खरें होतें, एवढी ग्वाही त्यांत आहे. आमच्या मतें सांत्वनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.