पुसलेले वाक्य

आमच्या लालबागच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. पाणी कधी जाणार, कुणाकडे मयत झाले, गणपतीची वर्गणी किती ठरली, हे सारे त्यावर खडूने लिहिले जाते. कुणीही लिहावे अशी जुनी रीत आहे. फळ्याच्या माथ्यावर एक नियम मात्र रंगवलेला आहे: ‘व्यक्तिगत टीका लिहू नये.’ तो माझ्याच हातचा. मास्तर म्हणून अक्षर बरे, आणि मंडळाचा चिटणीस म्हणून अधिकारही माझाच.

नियम उगाच केला नव्हता. काही वर्षांपूर्वी चाळीतल्या एका मुलीविषयी कुणीतरी रात्री दोन ओळी खरडून गेला होता. पहाटे दूध आणायला उतरलो तेव्हा त्या दिसल्या आणि मी सदऱ्याच्या बाहीने पुसून टाकल्या. आजही पुसेन. ज्याला जे वाटेल ते लिहू द्यावे, असे म्हणणाऱ्याने त्या मुलीच्या बापाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे.

पण गेल्या गणपतीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी फळ्यावर लिहिले, ‘चिटणिसांनी वर्गणीचा हिशेब अजून का लावला नाही?’ हिशेब माझ्या खणात जवळजवळ तयार होता. दोन पावत्या तेवढ्या मिळायच्या होत्या. मला राग आला. नियम डोक्यावर होताच. मी ओले फडके फिरवले. संध्याकाळी काकू जिन्यात भेटल्या. भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मास्तर, माझे शुद्धलेखन चुकले होते काय?”

मला उत्तर सुचले नाही. रात्री सुचली ती सारी वकिली उत्तरे. घटनेच्या १९व्या कलमाने दिलेले भाषणस्वातंत्र्य मुळात सरकारचा हात धरते. चाळीच्या चिटणिसाचा नव्हे. फळा मंडळाचा, नियम मंडळाचा. ज्याला ते पटत नसतील त्याने आपला दुसरा फळा लावावा. आणि या युक्तिवादामागे आपल्याकडे थोर परंपराही आहे. सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्याच वर्षी ‘सुधारक’ काढला. १९७२ च्या डिसेंबरात पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले, आणि १९ प्रयोगांनंतर ते थांबवले ते सरकारने नव्हे, संस्थेच्या अध्यक्षांनीच. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली, १९७३ मध्ये त्यांनी थिएटर अकॅडमी काढली आणि १९७४ पासून तेच नाटक पुन्हा सुरू केले. एक दार बंद झाले, त्यांनी दुसरे उघडले. काकूंनीही उघडावे!

ही उदाहरणे मी स्वतःला दोन दिवस ऐकवली. तिसऱ्या दिवशी त्यांतली फट दिसली. आगरकरांचा वाचक महाराष्ट्रभर पसरलेला होता. नवे पत्र काढून त्यांना तो गाठता आला. काकूंचा प्रश्न होता तो या जिन्याने रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांसाठी. तो त्यांनी परळच्या नाक्यावर लिहिला असता तर तो प्रश्नच राहिला नसता. केवळ खडूच्या रेघोट्या उरल्या असत्या. जिथून सारी चाळ जाते ती वाट एकच आहे. त्या वाटेवरचा फळा कागदोपत्री मंडळाचा असेल. पण ज्या प्रमाणात तो एकुलता एक, त्या प्रमाणात तो मंडळाचा कमी आणि चाळीचा जास्त. मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त बजावले होते की, माणसाचे तोंड केवळ राज्यकर्तेच बंद करतात असे नाही, समाजही करतो. त्या ‘समाजा’चे एक फडके माझ्या हातात असेल, हे मात्र मला कधी वाटले नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. नियम दोन्ही वेळा तोच होता. पहिल्या वेळी त्याने जिला उत्तर देता येत नव्हते तिला झाकले. दुसऱ्या वेळी ज्याच्याजवळ खडू, फडके आणि उत्तर तिन्ही होते त्याला झाकले. नियम चांगला की वाईट, हे त्याच्या शब्दांवरून कळत नाही. त्याच्या आडोशाला कोण उभे आहे, हे पाहावे लागते. पुसण्याचा अधिकार असणे निराळे, आणि पुसणे रास्त असणे निराळे. कायदा जिथे गप्प बसतो तिथे आपण सुटलो असे आपण समजतो. वस्तुतः तिथेच आपली जबाबदारी सुरू होते.

उद्या काकूंनी धडधडीत खोटे लिहिले तर? तर खाली खरे लिहीन. खडू माझ्याजवळही आहे.

रविवारी मी काकूंचे वाक्य माझ्या हाताने पुन्हा फळ्यावर लिहिले आणि त्याखाली सारा हिशेब मांडला. नियम तसाच ठेवला. त्याखाली दोन ओळी वाढवल्या. जो पुसेल त्याने आपले नाव आणि कारण लिहावे. आणि चिटणिसाविषयीचा मजकूर चिटणिसाने पुसू नये.

काकू चष्मा लावून बराच वेळ वाचत उभ्या होत्या. मग खडू मागून घेतला आणि एका बेरजेत चार रुपयांची चूक दाखवली. ती मी पुसली नाही. खाली दुरुस्ती लिहिली.