हसणाऱ्यांचा हिशेब

तळोद्याच्या परिसरात सेवाकार्य करीत असताना एके सायंकाळी एका वसतिगृहातील दोन मुलांना आमच्यापुढे उभे करण्यात आले. एकाच्या कपाळातून रक्त वाहत होते. दुसऱ्याच्या मुठीत दगड अद्याप तसाच होता. दगड मारणारा मुलगा सातपुड्यातील एका पाड्यावरून आलेला, सहावीत शिकणारा, एरवी अबोल. चौकशीअंती जे समजले ते असे : शाळा सुरू झाली त्या आठवड्यात गुरुजींच्या एका प्रश्नाचे उत्तर त्याने घरच्या बोलीत दिले होते. वर्ग हसला. त्या दिवसापासून तो शब्दच त्याचे नाव झाला. पंगतीत, पाण्याच्या टाकीपाशी, मैदानावर, सर्वत्र तेच नाव. आठ महिने त्याने ते सोसले आणि मग दगड उचलला.

तो शब्द आम्ही येथे लिहीत नाही. लिहिला तर त्या हसण्यात आणखी भर पडेल.

आम्ही जमलेल्या मुलांना विचारले, "मारले कोणी?" सर्वांनी त्याच्याकडे बोट दाखविले. "चिडवले कोणी?" दोन-तीन नावे पुढे आली. "आणि हसले कोण?" यावर कोणीच बोलेना. थोड्या वेळाने मागे उभा असलेला एक लहानगा म्हणाला, "फादर, तुम्हीपण त्याला त्याच नावाने हाक मारता."

ते खरे होते. नाव आमच्या कानावर पडले होते, अर्थ ठाऊक नव्हता. लाडाचे नाव असावे असे समजून आम्हीही त्याला तसेच बोलावीत होतो. तो 'ओ' देत होता, आणि तेवढे आम्हांला पुरेसे वाटत होते.

मुलांमुलांतील हिंसेचा दोष नेमका कोणाचा, हा प्रश्न त्या सायंकाळपासून आमची पाठ सोडीत नाही.

या भागापुरते बोलायचे तर कारणे डोळ्यांसमोर आहेत. सहा-सात वर्षांचे लेकरू आश्रमशाळेत येते, तेव्हा त्याचे आईबाप कित्येकदा ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेले असतात. सरदार सरोवराच्या जलाशयाने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित केली. त्यांपैकी अनेक कुटुंबे तळोदा तालुक्यात नव्याने वसविण्यात आली. भिल्ल, पावरा, निरनिराळ्या पाड्यांची, निरनिराळ्या बोलींची मुले एका छपराखाली निजतात. रात्री जवळ घेणारी आई नसते. कोणी घरी दारूच्या भरातील मार पाहिलेला असतो, कोणी शाळेत छडी खाल्लेली असते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली, हे योग्यच झाले. परंतु बलवानाने दुर्बलास मारावे हा धडा मुले कायद्यातून नव्हे, आपल्याला पाहून गिरवितात.

ही सर्व कारणे खरी आहेत. तरी त्यांनी उत्तर पुरे होत नाही. तीच गरिबी, तोच विरह सोसणारी बहुसंख्य मुले कोणावर हात उगारीत नाहीत. मग हात उठतो तो कशाच्या बळावर? आमच्या मते, भोवती जमलेल्या कोंडाळ्याच्या बळावर.

संत ऑगस्टीन यांनी हे सोळा शतकांपूर्वी ओळखले होते. 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मकथनात ते सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर केलेल्या पेअर फळांच्या चोरीची हकिकत सांगतात. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती; एकटे असतो तर हे केलेच नसते, अशी कबुली ते देतात. पुढे कार्थेजला शिकत असताना नवख्या विद्यार्थ्यांना छळणाऱ्या टोळक्यात ते वावरले. त्या कृत्यांची त्यांना किळस होती, पण टोळक्याची संगत सुटत नव्हती. त्याच ग्रंथात आणखी एक बोचरी आठवण आहे : लहानपणी शाळेत बसणाऱ्या माराच्या भीतीने ते देवाचा धावा करीत, आणि वडीलधारी माणसे, त्यांत आईवडीलही आले, त्यावर हसत. हसण्याचा पहिला पाठ त्या बालकास घरीच मिळाला होता.

प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात खुनाची आज्ञा विशद करताना हाताआधी जिभेकडे लक्ष वेधले. भावाला तुच्छतेने हिणविणाराही न्यायास पात्र ठरतो, असे तो सांगतो. खुनाच्या आज्ञेखाली शिवीचा विचार का, असे पूर्वी आम्हांला वाटे. आता वाटत नाही. आधी माणसाचे नाव काढून घ्यावे लागते. त्यानंतर त्याला मारणे सोपे जाते.

मग पाहणारे सर्वच सारखे दोषी काय? नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो, की दुसऱ्याच्या पापाची वाखाणणी करणारा त्यात सहभागी होतो. तसेच ते रोखण्याचे कर्तव्य असूनही जो रोखीत नाही, तोही. येथे 'कर्तव्य' हा शब्द मोलाचा आहे. मार बसेल या भीतीने गप्प राहिलेल्या दुबळ्या मुलाचे मौन आणि मजा वाटून हसणाऱ्याचे हसणे, ही एका तराजूत घालता येत नाहीत. ज्याच्या हाती जितका अधिकार, तितका त्याच्यावरील भार अधिक. हा हिशेब मांडला की सर्वांत मोठी रक्कम लहानांच्या नव्हे, आम्हां मोठ्यांच्या नावे पडते.

असे हसणे वेळीच थांबले नाही तर ते मुलांबरोबर मोठे होते. मे २०१९ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात उच्च शिक्षण घेणाऱ्या, आपल्याच खानदेशच्या डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. वरिष्ठ सहकारी तिच्या आदिवासी असण्यावरून तिला टोमणे मारीत, असा तिच्या कुटुंबीयांचा आरोप होता. त्याचा निवाडा न्यायालयाचा. आमचा प्रश्न निराळा आहे. शिकल्यासवरल्या माणसांत असा आरोप करण्याची वेळ एका आईवर यावी, तर आपल्या शाळांनी आणि घरांनी मुलांना काय दिले? ख्रिस्ती कुटुंबांनीही आपली जेवणवेळ आठवून पाहावी. कोणाचा रंग, कोणाचे आडनाव, कोणाचे गावंढळ उच्चार यांवर आपण हसतो. मुले मान खाली घालून जेवत असतात, पण कान उघडे असतात. नंतर आपण रात्रीची प्रार्थना म्हणतो.

याच तळोदा तालुक्यातील मोरवड येथे १९३० नंतरच्या दशकात गुलाम महाराजांनी आदिवासी बांधवांत दारूबंदीची व सदाचाराची मोठी चळवळ उभी केली. त्यांच्या अनुयायांचे अभिवादन होते 'आप की जय'. ज्यांना सावकार आणि अंमलदार अरेतुरे करीत, ती माणसे एकमेकांस 'आप' या आदराच्या शब्दाने भेटू लागली. त्यांचा पंथ वेगळा, आमची श्रद्धा वेगळी. परंतु माणसाला मानाने हाक मारणे हा सुधारणेचा आरंभ होय, हे त्यांच्यापासून शिकण्यात आम्हांला संकोच वाटत नाही.

त्या सायंकाळी दगड मारणाऱ्या मुलाने जखमी मुलाची क्षमा मागितली. ते आवश्यकच होते, कारण जखम ती जखमच. चिडवणाऱ्यांनीही मागितली. त्यानंतर सर्व मुलांसमोर आम्ही त्याची क्षमा मागितली आणि तुला कोणत्या नावाने हाक मारावी, असे विचारले. बराच वेळ तो जमिनीकडे पाहत राहिला. मग अगदी हळू आवाजात त्याने आपले नाव सांगितले. हजेरीपटावर ते आम्ही आठ महिने वाचीत आलो होतो, आणि त्यातील एक अक्षर आजवर चुकीचे उच्चारीत होतो.