‘कॉपी’ : कोशगत अर्थ, बोलरूढ अर्थ आणि दोषाची वाटणी

मराठीत आलेल्या इंग्रजी शब्दांचा विचार दीर्घकाळ शुद्धाशुद्धतेच्या अंगानेच होत आला. सावरकरांची चळवळ काय किंवा माधव ज्यूलियनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ (१९३८) काय, परका शब्द घ्यावा की टाकावा हा तेथील मुख्य प्रश्न होता. घेतलेल्या शब्दाला बोलीत जो वेगळाच अर्थ चिकटतो, त्याचे बोलणाऱ्याच्या आचरणाशी नाते काय, हा प्रश्न त्याहून निराळा आणि अधिक अवघड आहे. ‘कॉपी’ हा शब्द त्याच्या विचारासाठी पुरेसा आहे.

नांदेड जिल्ह्यातील हदगावसारख्या तालुक्याच्या गावी, मार्चमधल्या परीक्षांच्या दिवसांत, ‘कॉपी’ म्हणजे प्रत असे कोणालाही सुचत नाही. ‘कॉपी’ म्हणजे बाहीत दडवलेली चिठ्ठी. कॉपी म्हणजे ते कृत्यही. ती ‘आणली’ जाते, खिडकीतून ‘पुरवली’ जाते, आणि अमुक केंद्रावर ती ‘चालते’. शेजाऱ्याचे पाहून लिहिणे एवढा अर्थ इंग्रजी क्रियापदालाही आहे. पण चिठ्ठीलाच कॉपी म्हणणे आणि फळ्यावर उत्तरे लिहून देण्यापासून भ्रमणध्वनीपर्यंतचे सारे प्रकार त्या एका नामात कोंबणे, ही कमाई मराठीची. याच ध्वनीची ‘कापी’ हिंदीत निरुपद्रवी वही आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तर विपुलता असा होता; प्रत हा अर्थ मध्ययुगात आला.

हा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि कारभाराची भाषा उर्दू होती. तहसिलीतून मिळणाऱ्या प्रतीला ‘नक्कल’ म्हणण्याची जुनी वहिवाट येथे आहे, जशी ती इतर महाराष्ट्रातही आहे. ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असा शेरा कागदावर पडला की जमिनीचा हक्क शाबीत होतो. सोंगाड्या करतो तीही नक्कल, आणि हिंदी परीक्षागृहात तर ‘नकल’ हाच अपराध. एकाच अरबी शब्दातून पुरावा, विनोद व अपराध असे तिन्ही निघाले. म्हणजे तयार शब्द हाताशी होता. तरी अपराधासाठी मराठीने इंग्रजीकडे हात पसरला.

का, याचे उत्तर लक्षणाविचारातून मिळते. मुख्यार्थाचा बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन, अशी लक्षणेची अंगे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितली. रूढी की प्रयोजन, हा पर्याय एरवी अलंकारशास्त्राचा तांत्रिक तपशील वाटतो. येथे मात्र तो नैतिक प्रश्न होतो. प्रयोजन असेल तर ते उघड आहे: ‘चोरी’ हा शब्द टाळणे. परकी भाषा तोंडाला लागू देत नाही तो कडवटपणा. पण रूढी पक्की झाली की आडोसा उरत नाही. ‘कॉपी केली’ म्हणताना आज कोणी काही झाकत नाही, उलट नेमका दोषच सांगतो. वृत्तपत्रांनी त्यापुढे जाऊन ‘कॉपीबहाद्दर’ घडवला. त्या बहाद्दरीत उपरोध किती आणि कौतुक किती, हे प्रत्येक वाचकाने ठरवावे. १९८२ च्या राज्य अधिनियमाने ‘गैरप्रकार’ असा सावध शब्द वापरला होता. श्रीकर परदेशी नांदेडचे जिल्हाधिकारी असताना २०१० च्या सुमारास जी मोहीम उभी राहिली तिला मात्र ‘कॉपीमुक्ती’ म्हणावे लागले. बोलीने ठरवलेला अर्थ शासनाला शिरावर घ्यावा लागला.

सापडलेल्या मुलाच्या वाट्याला येणारा शब्द याहून विलक्षण आहे. ‘लेकरू रस्टिकेट झालं’ असे त्याचे आईबाप सांगतात. लॅटिनमध्ये ‘रूस’ म्हणजे खेडे. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या विद्यार्थ्याला काही काळ विद्यापीठाबाहेर, म्हणजे गावाकडे, धाडणे ही ती शिक्षा. ‘रस्टिक’ हा ग्रामीण साहित्याच्या चर्चेत भेटणारा शब्द तिचाच सख्खा. हदगावच्या वाडीतले मूल आधीच खेड्यात आहे. त्याला कोठे धाडायचे? शिक्षेचा कोशगत अर्थ त्याच्यापाशी येऊन निरर्थक होतो, आणि बोलरूढ अर्थ, परीक्षेला मुकणे, तेवढा त्याला पुरून उरतो.

आता तेच कृत्य प्रबंधात झाले तर? तेथे ‘कॉपी’ म्हणणे अशिष्ट ठरते. त्याला ‘वाङ्मयचौर्य’ असा भारदस्त समास आहे. समासात ‘चौर्य’ स्पष्ट आहे. चोर मात्र दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी साम्याची टक्केवारी बांधून दिली, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड ठेवला नाही. उद्धृते, रूढ संज्ञा, योगायोग यांसाठी अशी सूट लागतेच, हे मान्य. परंतु बाहीतल्या चिठ्ठीला टक्केवारी नसते. सौम्य शब्दाखाली कठोर शिक्षा आणि कठोर शब्दाखाली मोजूनमापून शिक्षा, अशी ही व्यवस्था आहे, आणि तिला केवळ भाषिक योगायोग म्हणता येत नाही. कृत्य कोणाचे, यावरून त्याचा शब्द ठरतो.

यावर एक आक्षेप संभवतो. मुलाने विद्या घेतलीच नाही, संशोधकाने निदान वाचून उतरवले. तेव्हा दोन्ही कृत्ये एक कशी? पण वाचून उतरवणे ही सबब मानली तर मार्गदर्शकातले उत्तर पाठ करून लिहिणारा आणि तेच चिठ्ठीवरून लिहिणारा यांतला भेद फक्त कागदाचा उरतो. वर्गात टिपणे सांगून लिहवून घेणारा अध्यापक कोशगत अर्थाने वर्षभर कॉपीच करवून घेत असतो. बोलरूढ अर्थाने त्याला हात लावलेला नाही, कारण परवानगी असलेल्या उतरवणुकीला बोलीत वेगळे नाव आहे: अभ्यास.

कोशकाराने म्हणून ‘कॉपी’ची नोंद टाळणे किंवा ‘ग्राम्य’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोयीचे असले तरी रास्त नाही. नोंदीखाली प्रयोगाची उदाहरणे द्यावी लागतात. परीक्षागृहातले एक उदाहरण सहज सुचेल. दुसरे विद्यापीठाच्या ग्रंथालयात, प्रबंधांच्या कपाटातून घ्यावे.