उरीयाचं नाव

शब्बाथ शाळेत आम्ही मुलांना दाविदाची गोफण दाखवतो, गल्याथ पाडतो, आणि बथशेबाचा अध्याय आला की पानं उलटतो. हेन्री किंगच्या १९५१ सालच्या ‘डेव्हिड अँड बाथशेबा’नं ती उलटली नाहीत, म्हणून हा चित्रपट मला जवळचा.

त्यात कराराचा कोश नेताना कलतो. एक साधा शिपाई सावरायला हात लावतो आणि जागीच मरतो. नाथान संदेष्टा म्हणतो, देवाची इच्छा. ग्रेगरी पेकचा दावीद म्हणतो, ऊन होतं, तो दारू प्यायला होता. शेवटी मात्र दुष्काळानं होरपळलेल्या प्रजेसाठी हाच राजा त्याच कोशावर हात ठेवतो, मरायच्या तयारीनं. तो जगतो, पाऊस येतो. हा प्रसंग शास्त्रात नाही, तरी मला तो पटतो. जीव पणाला न लावता केलेला पश्चात्ताप मी मानत नाही.

पण बथशेबाचा नवरा उरीया याचं काय? चित्रपटात तो कोरडा, बायकोकडे लक्ष नसलेला शिपाईगडी आहे, म्हणजे त्याच्या मरणाचं आपल्याला फार लागू नये. शास्त्र अशी पळवाट देत नाही. बथशेबाला आपल्यापासून दिवस गेलेत हे झाकायला दावीद त्याला रणातून बोलावतो, घरी जा म्हणतो. उरीया राजवाड्याच्या दाराशीच चाकरांबरोबर झोपतो. कोश तंबूत, सोबती उघड्या मैदानात, मग मी घरी कसा जाऊ? दुसऱ्या रात्री राजा त्याला दारू पाजतो, तरी तो जात नाही. मग सेनापती यवाबाला पत्र जातं: याला तुंबळ लढाईत पुढे ठेवा आणि मागे हटा. ते पत्र उरीयाच घेऊन जातो. इथं माझं वाचन दर वेळी थांबतं.

देवानं दाविदाला क्षमा केली, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण मेलेल्याच्या वाटची क्षमा देवानं परस्पर द्यावी का? मला वाटतं, क्षमेनं दाविदाचा जीव वाचला, उरीयाचं देणं तसंच राहिलं, आणि शास्त्र लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. दाविदाच्या शूरवीरांच्या यादीत शेवटचं नाव उरीया हित्तीचं आहे. मत्तय येशूची वंशावळ देताना राहाब आणि रूथ यांची नावं घेतो. शलमोनाच्या आईपाशी येतो तेव्हा मात्र बथशेबा लिहीत नाही, उरीयाची बायको लिहितो.