उजेडाची वाटणी

गेल्या मार्गशीर्षात भिलाईच्या सेक्टर १० मधील एका स्नेह्यांच्या क्वार्टरात आम्ही संध्याकाळच्या चहाला गेलो होतो. पावणेसहा वाजले असतील. अंगणात बॅडमिंटनचे जाळे बांधलेले होते. परंतु शटल दिसेनासे झाले म्हणून मुले हिरमुसून घरात आली, आणि त्यावरून मोठ्या माणसांत सूर्यास्ताविषयी बोलणे निघाले. मुंबईस या दिवसांत सूर्य सहा वाजता मावळतो, इथे साडेपाचाच्या आतच दिवस संपतो, ही परप्रांती आलेल्या मराठी माणसाची नेहमीचीच तक्रार. आमचे स्नेही म्हणाले, "सगळ्या देशाची घड्याळे अर्धा तास पुढे सारली तर कोणाचे काय जाणार आहे? कचेरीतून आल्यावर माणसाला थोडा उजेड तरी लाभेल." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली, हे कबूल केले पाहिजे.

त्यांचे वडील कोपऱ्यातील आरामखुर्चीत बसले होते. ते विदर्भातून येऊन इथल्या कारखान्यात झोतभट्टीवर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. ते म्हणाले, "अरे, आम्हांला पहिली पाळी असे तेव्हा सहाच्या ठोक्याला आत असावे लागे. पौषात सूर्य पावणेसातला उगवतो. संध्याकाळचा उजेड आम्हांला भरपूर होता. दोन वाजताच सुटत होतो ना! अंधार काय तो पहाटेचा, सायकलवर. तो तू आणखी अर्धा तास वाढवणार."

स्नेही हसले आणि विषय पालटला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही.

ही सूचना आमच्या स्नेह्यांच्या कल्पनेतून निघालेली नव्हे. बंगळूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज या संस्थेतील अभ्यासकांनी भारतीय प्रमाणवेळ कायमची अर्धा तास पुढे न्यावी असे सुचविले आहे. संध्याकाळी सर्व देश एकाच वेळी दिवे लावतो. त्या घटकेचा विजेवरील भार हलका व्हावा, हा त्यामागील हेतू. हेतू चांगला आहे. परंतु घड्याळाचे काटे फिरविल्याने सूर्य एक क्षणही अधिक राबत नाही. संध्याकाळी जो उजेड जमेस धरला जातो तो कोणाच्या तरी पहाटेच्या खाती नावे पडलेला असतो. मुंबईस जानेवारीत सव्वासाताच्या सुमारास सूर्योदय होतो, तो पावणेआठाला होईल. दूधवाला, शाळेस निघालेले मूल, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, पहिल्या पाळीचा कामगार यांची पहाट खर्ची पडून आमच्यासारख्या साडेनऊच्या माणसाची संध्याकाळ उजळणार. बांगलादेशाने २००९ च्या जूनमध्ये घड्याळे एक तास पुढे केली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती पुन्हा मागे घेतली. उन्हाळ्यात न जाणवलेली किंमत हिवाळ्यातील सकाळी जाणवू लागते.

शिवाय भिलाईच्या माणसाने तर सूर्याविरुद्ध गाऱ्हाणे सांगूच नये. ज्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर देशाची प्रमाणवेळ बेतलेली आहे ते या छत्तीसगडातूनच जाते. भिलाई त्याच्या पश्चिमेस जेमतेम चार-पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. घड्याळ आणि सूर्य यांचे इतके सख्य भारतात फार थोड्या गावांच्या वाट्याला आले असेल. आम्ही इथे जे गमावले असे म्हणतो तो उजेड नव्हे, मुंबईच्या घड्याळाची सवय आहे.

इतके झाल्यावर प्रश्न मिटला असे आम्ही खुशाल म्हटले असते. पण आमची पहिली नेमणूक आसामात, दिब्रुगडला होती.

तिथे डिसेंबरात सूर्य सव्वाचारला मावळतो आणि जूनमध्ये सकाळी सव्वाचारलाच उगवतो. देशाच्या पूर्व-पश्चिम टोकांत सुमारे एकोणतीस रेखांशांचे अंतर आहे. दर अंशास चार मिनिटे धरली तर जवळजवळ दोन तास. आमची कचेरी साडेनऊ ते सहा. हिवाळ्यात शेवटचा दीड तास आम्ही दिव्याखाली बसत असू. आमच्या शेजारच्या टेबलावर एक आसामी बाई काम करीत. त्यांना बस धरून गावी जावे लागे आणि पुढे मळ्याकाठच्या रस्त्याने पायी. त्यांनी अर्ज दिला की हिवाळ्यापुरते मला आठ वाजता येऊ द्यावे आणि साडेचारला सोडावे. कामाचे तास तितकेच भरतील. त्या अर्जावर टिपणी लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही लिहिले: नियमांत तरतूद नाही, कार्यालयीन वेळ सर्वांस समान आहे. साहेबांनी खाली सही केली. बाईंनी आम्हांला कधी बोल लावला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पिशवीत विजेरी घालून आणू लागल्या.

कचेरीबाहेर पडले की चहाच्या मळ्यांतून एक तास पुढचे घड्याळ चालू असे. त्यास तिकडे 'बागान टाइम' म्हणतात. गोऱ्या मळेवाल्यांनी ते सुरू केले ते मजुरांच्या कळवळ्याने नव्हे, दिवसाच्या उजेडात पाने अधिक खुडली जावीत म्हणून. आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमातही, जेथे भारतीय प्रमाणवेळ सामान्यतः पाळली जात नाही अशा प्रदेशात स्थानिक वेळ पाळू देण्याची मुभा राज्य सरकारांस होती. म्हणजे जेथे मालाचे उत्पादन होते तेथे सूर्याची दखल घेता येते. जेथे केवळ माणूस घरी सुखरूप पोहोचावयाचा असतो तेथे तरतूद नसते. हे कलम आम्ही पुढे कधीतरी वाचले. त्या टिपणीच्या वेळी वाचले असते तर कचेरीस ते लागू झाले नसतेच. पण लेखणी थोडी अडखळली असती.

आपले लोक म्हणतात, "त्यांनी लवकर उठावे, लवकर निजावे, घड्याळाशी भांडण कशाला?" हा उपदेश एकट्याच्या बाबतीत पोकळ आहे, हे त्या बाईंच्या अर्जाने आम्हांला दाखविले. आठ वाजता कचेरीस कुलूप असते, बँक बंद असते, न्यायालय भरलेले नसते. वेळ ही एकट्याने पाळावयाची वस्तूच नव्हे. घड्याळ हा सर्वांनी मिळून केलेला करार आहे, आणि करारात ज्याला रोज पदरचे घालावे लागते त्याचे म्हणणे आधी ऐकावे, एवढे तरी न्यायाचे आहे.

आम्हां मराठी माणसांना तर हे सांगावे लागू नये. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मुंबईवर मद्रासची वेळ लादू पाहिली, तेव्हा शहराने विरोध केला आणि १८८३ मध्ये सरकारला ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यामागे एकोणचाळीस मिनिटे होती. त्याच महिन्यात गिरणीकामगारांनी पहाट लांबवून घेण्यास नकार देऊन दगड उचलले. महानगरपालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळ राखली, ती स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही काही वर्षे. कलकत्त्याने आपली वेळ १९४८ मध्ये सोडली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी एकोणचाळीस मिनिटांसाठी इतका हट्ट धरला, त्यांनीच दिब्रुगडच्या माणसाला 'लवकर ऊठ' म्हणावे, यात आम्हांला संकोच वाटतो.

ऐक्याचा मुद्दा निघतो. एक देश, एक घड्याळ, हे ऐकावयास बरे वाटते, आणि सरकारी नोकर म्हणून त्याची सोयही आम्ही जाणतो. रेल्वेचा धोकाही खोटा नव्हे. परंतु राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये पूर्वेसाठी एक तास पुढची दुसरी वेळ सुचविताना सीमारेषा बंगाल आणि आसाम यांच्यामधील अरुंद पट्टीत मुद्दाम घेतली, ती तेथे गाड्यांनी रेषा ओलांडण्याची ठिकाणे फार थोडी आहेत म्हणूनच. त्याआधी, २०१७ मध्ये, स्वतंत्र वेळेसाठी केलेली याचिका गुवाहाटी उच्च न्यायालयाने फेटाळली होती. आमचे मत असे, की साऱ्या देशाला अर्धा तास ढकलू नये आणि पूर्वेला तिचा पुरा तास द्यावा. रेषा कोठेही ओढली तरी तिच्या काठावरच्या गावात कोणाचा तरी बाजार एका वेळेत आणि शाळा दुसऱ्या वेळेत पडेल. त्याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

हे सारे आम्ही पुढच्या भेटीत स्नेह्यांस सांगितले. ते म्हणाले, "पण हे तुम्ही तेव्हा लिहायचे होते." दिब्रुगडची ती फाईल अद्याप कपाटात असेल. टिपणी तीन ओळींची आहे आणि खाली आमची आद्याक्षरे आहेत.