'अभिरक्षक' आणि भावक

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकापासून शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय फारसे दूर नाही. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाकडे सोपवला. अशा संग्रहाची जबाबदारी वाहणाऱ्यासाठी मराठीत 'अभिरक्षक' हा शब्द रुळला आहे. रक्षण कशाचे, हे तेथे उघड असते. समकालीन कलेच्या स्वतंत्र क्युरेटरला मात्र हा शब्द लागू पडत नाही. त्याच्या स्वाधीन वस्तू नसतात, उसनी आणलेली चित्रे तो परत करतो. मग त्याने काळजी वाहायची ती कोणाची?

हारल्ड झेमान यांनी १९६९ मध्ये बर्न येथील कलादालनाचे संचालकपद सोडले, तेव्हापासून ही स्वतंत्र भूमिका ठळक झाली. त्यांच्याच १९७२ च्या 'डॉक्युमेंटा'विषयी दानिएल ब्युरेन यांनी आक्षेप घेतला, की प्रदर्शन हीच कलाकृती होऊ लागली असून चित्रे तीमधील रंगांपुरती उरली आहेत. आक्षेप रास्तच, परंतु तो कलावंताचा आहे. भावक त्यात कोठेच नाही.

सुधीर पटवर्धन यांच्या उपक्रमात तो येतो. पुण्यात वैद्यकाचे शिक्षण घेऊन ठाण्यात दीर्घकाळ क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराने २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय कलेचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेले. निवड त्यांची, म्हणजे अधिसत्ता येथेही आहेच. पण स्वारगेटला सोलापूर-कोल्हापूरच्या गाडीची वाट पाहत थांबलेला जो माणूस एरवी पटवर्धनांच्या चित्रांचा विषय व्हावा, तोच येथे पाहणारा होऊ शकतो.

पेच येथूनच सुरू होतो. रोमन कायद्यात 'क्युरेटर' म्हणजे स्वतःचा व्यवहार सांभाळू न शकणाऱ्याचा पालक. अपरिचित चित्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला काही सांगायलाच हवे; मौन हा पुष्कळदा औदार्याचा आव आणणारा तुच्छभाव असतो. परंतु सांगणे वाढत गेले, की भावक कायद्याच्या अर्थाने 'अज्ञान' ठरतो आणि त्याच्या वतीने दुसरेच कोणी पाहू लागते. (मराठी समीक्षेनेही आस्वादाच्या नावाखाली हे कमी केलेले नाही.) संस्थेतील क्युरेटरला विश्वस्त जाब विचारतात; स्वतंत्र क्युरेटरला तसे कोणी नसते. गावोगावच्या प्रदर्शनात मात्र 'हे चित्र येथे का?' असे विचारणारा समोर उभा राहू शकतो. उत्तर ऐकूनही ते न पटल्याने तो निघून गेला, तर त्याला थांबवण्याचा अधिकार क्युरेटरला कोणी दिलेला नाही.