धुरा कोणाचा?

नागपूरहून सावनेरकडे जाऊ लागले म्हणजे कपाशीची वावरे व संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. दोन वावरांमधला बांध, ज्यास इकडे धुरा म्हणतात, तो आपल्या कानी बहुधा भाऊबंदकीच्या तंट्यातच येतो. एकाने कोरावा, दुसऱ्याने फिर्याद करावी! परंतु त्यावरील बाभळी, बोरी व गवत यांत शेताचे राखणदार वसतात. कोतवाल पक्षी तेथे बसून किडे टिपतो. ढालकिडा मावा फस्त करतो. ट्रायकोग्रामा नावाची अतिसूक्ष्म गांधीलमाशी तर बोंडअळीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. कपाशीवर कीड नसते त्या दिवसांत या जिवांस आसरा व फुलांतील मध लागतो. तो त्यांस धुऱ्यावर आणि चवळी-तुरीच्या ओळींत मिळतो.

त्यांचा पराक्रम आम्ही वाढवून सांगू इच्छीत नाही. बोंडात दडलेल्या गुलाबी अळीपुढे कोतवालाचे काही चालत नाही; २०१७ साली विदर्भाने तिचा कहर भोगला. शिवाय धुऱ्यावरील पेटारीचे झुडूप ठिपक्यांच्या बोंडअळीसही पोसते.

तथापि ढालकिडा सातबारा पाहून उडत नाही. एकाने राखलेल्या धुऱ्याचे फळ शेजाऱ्यासही मिळते, आणि एकाच्या फवारणीने दोघांचे राखणदार मरतात. मग धुरा कोरणाऱ्याने चोरली ती केवळ हातभर माती काय? पण कर्जाखाली वाकलेल्या शेतकऱ्यास 'हातभर जागा सोड' असे बजावण्याचा अधिकार, डागी संत्रे टोपलीत परत टाकणाऱ्या आम्हां शहरवासीयांस कितपत पोचतो, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.